१९७० ची शेवरले सी-१० : ड्रायव्हरकडचं दार उघडत नाहीये

मिशिगनवासी | शनिवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी,

आमच्या शेजारच्या आजींच्या कोठारात १९७० ची शेवरले सी-१० पिकअप उभी आहे. लांब हौदा, फिकट हिरवा रंग, आजोबांनी पहिल्या दिवसापासून स्वतः चालवलेली. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली आणि तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. आजींनी ती मला द्यायचं ठरवलंय. विसार दिलाय. उरलेले पैसे मालकीच्या कागदावरचा आणि गाडीवरचा नंबर जुळला की द्यायचे, असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

अडलंय ते तिथेच. या गाडीची नंबराची पट्टी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर रिव्हेट मारून बसवलेली असते. दार बंद असलं की दिसत नाही. आणि नेमकं ड्रायव्हरचं, म्हणजे इकडे डावं, दारच उघडत नाहीये. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून कारखान्याचा एक कागद चिकटवलेला असतो, त्यावरही नंबर असतो. तो उंदरांनी कुरतडलाय. चासीवर ठोकलेला नंबर गंजाखाली गेलाय.

लक्षणं सांगतो. बाहेरचं बटण आत जातं, पण परत यायला दोन-तीन सेकंद घेतं. आतला हँडल ओढला तर काहीच वजन लागत नाही, नुसता लोंबतो. काचेखालच्या पट्टीतली लॉकची घुंडी अर्ध्यावर अडकली आहे, ना वर येते ना खाली जाते. किल्ली फिरत नाही. उजवं दार मात्र व्यवस्थित उघडतं, त्यामुळे आत जाता येतं. काच वर-खाली होते.

डब्ल्यूडी-४० मारून दोनदा जोरात ओढून पाहिलं. पत्रा थोडा वाकेल असं वाटलं आणि थांबलो. गाडी अजून माझी नाही, आणि आजी रोज संध्याकाळी येऊन बघून जातात. काहीही मोडायचं नाहीये. काय करू?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:५२

दादा, आमच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीचं काही अडकलं की सरळ गॅसबत्तीनं शेकतो. लोखंड फुगलं की गंज सुटतो. कडीच्या जागी बाहेरून दोन मिनिटं शेक द्या, मग पहारीखाली लाकडाची फळी ठेवून हळू उचका. रंग थोडा जाईल, पण दार निघेल. रंग नंतर मारता येतो.

दापोडीचा_फिटर | शनिवार, रात्री ११:२०

कृष्णाकाठ, तुमचा हेतू चांगला आहे, ट्रॉलीला तो उपाय चालतोही. पण या गाडीजवळ बत्ती नेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

या पिढीच्या शेवरले पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी असते. १९७३ च्या नव्या मॉडेलपासून ती बाहेर चासीच्या बाजूला गेली. १९७० च्या गाडीत दाराची कडी ज्या खांबाला अडकते, त्या खांबापासून टाकी हातभर अंतरावर. अकरा वर्षं उभ्या गाडीत रबरी नळ्या तडकलेल्या असतात, वाफ केबिनमध्ये साठलेली असते. तिथे ना बत्ती, ना ग्राइंडर, ना ठिणगी उडेल असं काही.

मिशिगनवासी, पहिलं काम दाराचं नाही. उजवं दार आणि कोठाराचं दार सताड उघडं ठेवा. टाकीत काही उरलंय का बघा. बॅटरी जोडलेली असेल तर काढा. आत काम करताना साधा पिवळा बल्ब लटकवू नका, बंद काचेची बॅटरीवरची विजेरी वापरा. हे झालं की लिहा, मग दाराकडे वळू.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत एकतीस वर्षं काढली. बसचे दरवाजे वेगळे, पण खटका तो खटकाच.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ११:२६

काका, टाकीचं माहीत नव्हतं. दादा, माझा सल्ला मागे घेतो.

उद्यमनगरची_गॅरेजवाली | रविवार, सकाळी ८:०५

मिशिगनवासी, तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यावरूनच बरंच कळतं. मी कोल्हापुरात जुन्या जीप आणि पिकअपची डेंटिंगची कामं करते. सगळ्यात जास्त नुकसान मी पाहिलंय ते "जोरात ओढून बघितलं" यातून झालेलं.

दारात दोन वेगवेगळे रस्ते एकाच खटक्याकडे जातात. बाहेरचं बटण थेट खटक्याच्या पात्यावर दाब देतं. आतला हँडल एका लांब दांडीनं तेच काम करतो. लॉकची घुंडी तिसऱ्या दांडीवर, ती खटक्याला "आता ऐकू नकोस" एवढंच सांगते.

तुमचा आतला हँडल लोंबतोय म्हणजे दांडी कुठेतरी सुटली आहे. खटका गच्च झाला असता तर हँडल घट्ट लागला असता. बटण उशिरा परत येतंय म्हणजे खटक्यातलं जुनं ग्रीस वाळून मेणासारखं झालंय आणि स्प्रिंगला पातं मागे ढकलायला जड जातंय. घुंडी अर्ध्यावर आहे म्हणजे लॉक धड लागलेलं नाही आणि धड निघालेलंही नाही. तीन दुखणी आहेत आणि तिन्ही मिळून दार अडवतायत. म्हणून एकाच ठिकाणी जोर लावून उपयोग नाही.

आणखी एक. दार ओढू नका, आत ढकला. खटक्याचा आकडा खांबावरच्या खुंटीला धरून असतो आणि तो सुटू नये म्हणून एक छोटं पातं त्याला अडवून ठेवतं. तुम्ही बाहेर ओढता तेव्हा सगळा भार त्या पात्यावर येतो आणि ते अजून घट्ट बसतं. दाराला कमरेनं आत रेटलं की पातं मोकळं होतं. बटण दाबायचं ते त्याच क्षणी. माझ्याकडे येणारी निम्मी "जाम" दारं एवढ्यावर उघडतात.

मिशिगनवासी | रविवार, सकाळी ९:४० (आमची वेळ)

ताई, काका, मनापासून आभार.

टाकीत तळाशी थोडं पेट्रोल होतं, वास वार्निशसारखा. हातपंपानं काढून बंद कॅनमध्ये ठेवलं. बॅटरी आजोबांच्या पश्चात कुणीतरी आधीच काढलेली होती. दारं उघडी ठेवून तासभर वारा खेळू दिला.

ताईंनी सांगितलं तसं, बायको बाहेरून कमरेनं दार रेटत होती आणि मी बटण दाबत होतो. वीस-पंचवीस वेळा केलं. उघडलं नाही, पण पहिल्यांदाच आतून बारीक "टक" असा आवाज आला. आधी काहीच येत नव्हता.

उद्यमनगरची_गॅरेजवाली | रविवार, रात्री ८:३०

"टक" आला हे फार चांगलं. पातं हलतंय. आता आतलं पॅनल काढायला हवं.

शिवडी_शीव | रविवार, रात्री ८:४४

थोडं अवांतर, पण शेवरलेचं नाव वाचून राहवलं नाही. जनरल मोटर्सनं १९२८ साली आपल्या मुंबईत, शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. मोटारी, ट्रक, बसच्या चासी तिथून बाहेर पडत. पन्नाशीच्या दशकात तो बंद झाला. त्यामुळे मिशिगनवासींच्या गाडीची पिढी तिथली नाही, पण तिच्या आधीच्या शेवरले ट्रकांनी आपल्याकडचे घाट बघितलेले आहेत. माझे आजोबा "शेवरलेट" असा शेवटच्या "ट"सकट उच्चार करत आणि त्या नावावर त्यांचा फार जीव होता.

मिशिगनवासी, कागदावरच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं सांगाल का? त्यावरून गाडी कुठल्या कारखान्यातली ते कळतं.

मिशिगनवासी | रविवार, सकाळी ११:१० (आमची वेळ)

सीई१४०एफ अशी सुरुवात आहे.

शिवडी_शीव | रविवार, रात्री ९:५५

म्हणजे सी हे दोन चाकांना जोर असलेल्या गाडीचं, ई म्हणजे कारखान्यातूनच व्ही-८ इंजिन (सहा सिलिंडर असतं तर तिथे एस आला असता), १ म्हणजे अर्ध्या टनाची, ४ म्हणजे पिकअप, ० म्हणजे १९७० आणि एफ म्हणजे फ्लिंट. तुमच्याच राज्यातली गाडी आहे! पट्टीवर हेच सापडलं तर आजोबांनी ती जवळच्याच कारखान्यातून निघालेली घेतली असं म्हणता येईल.

ह्यूस्टनचा_बाळ्या | रविवार, रात्री १०:०२

माझ्याकडे १९६९ ची सी-१० आहे, दार सारखंच. त्यामुळे तुमचा हात जिथे जाणार ते सगळं मी चाचपडून झालेलं आहे. सविस्तर लिहितो.

काच पूर्ण वर करा आणि वरच राहू द्या. नाहीतर हात घालायला जागाच उरत नाही.

काच फिरवायचा दांडा आणि आतला हँडल बाहेरून स्क्रूनं बसवलेले नाहीत. मागे घोड्याच्या नालेसारखी बारीक क्लिप असते. तिच्यासाठी खास अवजार मिळतं, पण जुनं सुती फडकं पुरतं. फडक्याची पट्टी हँडलच्या मागे घाला आणि बूट पुसतात तशी डावी-उजवीकडे ओढा. धागा क्लिपमध्ये अडकतो आणि क्लिप उडते. दुसरा हात पुढे धरा, नाहीतर कोठारातल्या गवतात ती परत सापडणार नाही. माझी अशीच हरवली होती.

साध्या मॉडेलला आत गादीचं पॅनल नसतं, रंगवलेला पत्राच असतो, आणि त्यात मोठ्या भोकावर स्क्रूनं बसवलेलं झाकण. ते काढलं की दाराच्या पोटात हात जातो. मनगटापर्यंत जाड हातमोजे घाला. भोकाच्या कडा कारखान्यात कापल्या तशाच राहिलेल्या असतात, सुरीसारख्या. माझ्या कोपराखाली अजून वण आहे.

आता महत्त्वाचं. खटका दाराला ज्या स्क्रूंनी बसवलेला असतो ते दाराच्या कडेला आहेत, खांबासमोर. दार बंद असताना त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. म्हणून "खटकाच सोडवून बाहेर काढतो" हा विचार डोक्यातून काढा. बिजागऱ्याही आत दडलेल्या असतात, बाहेरून दिसत नाहीत. एकच वाट उरते, ती म्हणजे पोटातून हात घालून खटक्याचं पातं बोटानं किंवा स्क्रूड्रायव्हरनं हलवायचं.

कणकवलीकर | सोमवार, सकाळी ७:१५

आमच्या खाऱ्या हवेतला अनुभव. कधीकधी खटका सुटलेला असतो आणि दार धरून ठेवतं ते रबर. वर्षानुवर्षं चेपलेलं रबर रंगाला असं चिकटतं की जणू लुकणानं जोडलंय. मग माणूस ओढतो आणि रबर रंगासकट सोलून येतं.

पॅनल उघडण्याआधी दाराच्या चारी बाजूंनी प्लास्टिकचं पातळ कार्ड साबणाच्या पाण्यात बुडवून आतून फिरवा. मी जुनं रेशनकार्डाचं प्लास्टिकचं कव्हर वापरलं होतं. लोखंडी पट्टी नको.

दुसरं, दार खाली बसलंय का ते बघा. पुढची आणि मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? बिजागरी झिजली की दाराची मागची बाजू खाली येते आणि खटका खुंटीवर तिरपा बसतो. तसं असेल तर खालून जॅक आणि लाकडी ठोकळा लावून दार कागदाच्या जाडीएवढं उचलावं लागेल. जास्त नाही.

मिशिगनवासी | सोमवार, रात्री ८:१०

आज आठ वाजेपर्यंत कोठारात होतो. उणे सहा तापमान, त्यामुळे बोटं चालत नव्हती.

फटी बघितल्या. मागची बाजू वरच्यापेक्षा खाली किंचित रुंद आहे, फार नाही. साबणाचं कार्ड फिरवलं. खालच्या मागच्या कोपऱ्यात रबर खरंच चिकटलं होतं, सुटताना "फस्स" असा आवाज झाला.

क्लिप फडक्यानं निघाली. बाळ्यादादा, पहिल्याच फटक्यात. झाकण काढलं तर खाली दाराच्या पोटात एका बाजूला मूठभर भुसा, अक्रोडाची टरफलं आणि मधोमध लोंबणारी दांडी. तिचं टोक खटक्यापासून सुटलंय, प्लास्टिकची क्लिप तुटून खाली पडलेली सापडली. ताईंनी न बघता सांगितलं होतं ते तंतोतंत.

खटक्याची मागची बाजू विजेरीत दिसते. काळपट तपकिरी थर, नखानं खरवडला तर गुळासारखा निघतो. स्क्रूड्रायव्हरनं पातं हलवायचा प्रयत्न केला, थोडं हलतं आणि थांबतं. ॲसिटोन आणि गिअरचं तेल मिसळून ओतावं का? एका व्हिडिओत पाहिलं.

दापोडीचा_फिटर | मंगळवार, सकाळी ६:५०

ॲसिटोन नको. दाराच्या तळातून झिरपून खालच्या कडेचा रंग उठेल, आणि त्याची वाफही पेट घेते. गंज सोडवणारं तेल म्हणून जे विकतात ते आणा, लांब नळीचं. डब्ल्यूडी-४० हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे, त्याच्या नावातली अक्षरंही तेच सांगतात. ओल काढायला ते चांगलं. पन्नास वर्षांचं ग्रीस विरघळवायला दमाचं तेल लागतं.

तुमच्याकडची थंडी हा या कामातला अर्धा शत्रू आहे. वाळलेलं ग्रीस उणे सहाला दगड होतं, आणि खटक्यात ओल असेल तर तीही गोठलेली असेल. हेअर ड्रायर त्या केबिनमध्ये लावू नका, त्यात तापलेली तार असते. घरात रबरी गरम पाण्याची पिशवी असेलच. ती टॉवेलात गुंडाळून दाराच्या पोटात खटक्याला टेकवून अर्धा तास ठेवा. पाणी गार झालं की बदला. बाहेरून पत्र्यावर उकळतं पाणी ओतू नका, काचेला तडा जाईल.

मग तेल मारा. थोडंसं, पण परत परत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, दोन दिवस. प्रत्येक वेळी मारल्यावर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं खटक्याच्या घरावर हलके टिचकी मारल्यासारखे ठोके द्या. त्या कंपनानं तेल आत उतरतं. हातोडी नको.

आता क्रम नीट ऐका, कारण घाई इथेच होते. आधी लॉक, मग खटका. घुंडीची दांडी खटक्याजवळ जिथे लागते तिथला छोटा हात बोटानं पूर्ण "उघडा" बाजूला जाईपर्यंत हलवा. तो अर्ध्यावर असेल तर खटक्याचं पातं कितीही दाबलं तरी पुरतं सरकणार नाही. तुमचं पातं "थोडं हलतं आणि थांबतं" ते यामुळेच, असं मला वाटतं. घुंडी वरून ओढू नका, बारीक दांडी वाकेल.

लॉक मोकळं झालं की एकजण बाहेरून दार आत रेटणार, दुसरा आतून पातं दाबणार, आणि मग रेटणाऱ्यानं हळू हात सोडायचा. झटका द्यायचा नाही.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७:३०

काका, हे मी माझ्या वहीत उतरवून घेतोय. आमच्या जुन्या टेम्पोच्या मागच्या फाळक्याला उपयोगी पडेल.

उद्यमनगरची_गॅरेजवाली | मंगळवार, सकाळी ९:१०

काकांशी पूर्ण सहमत. एक भर घालते. दांडीची तुटलेली क्लिप फेकू नका, नवी घ्यायला नमुना लागेल. आणि आत्ता दांडी परत जोडायचा खटाटोप करू नका. ती लोंबतेय म्हणून तुमचा हात खटक्यापर्यंत जातोय.

मिशिगनवासी | गुरुवार, रात्री ८:५५

उघडलं.

मंगळवार संध्याकाळ, बुधवार सकाळ-संध्याकाळ आणि आज सकाळी तेल मारलं. गरम पाण्याची पिशवी आईनं पुण्याहून येताना आणली होती, पाठदुखीसाठी. तीच वापरली. दुसऱ्या वेळी पिशवी काढली तेव्हा तपकिरी ओघळ खाली आले.

आज संध्याकाळी लॉकचा हात बोटानं हलवला. आधी रेतीसारखा करकरला, मग एकदम मऊ होऊन पूर्ण सरकला, आणि वर पट्टीतली घुंडी आपोआप उभी राहिली. ती वर येताना बघून मी बायकोला हाक मारली. तिनं बाहेरून कंबर लावली, मी पोटातून पातं दाबलं. पातं या वेळी शेवटपर्यंत गेलं. मी म्हटलं "सोड", तिनं हळूच अंग काढलं, आणि दार तिच्याबरोबर बाहेर आलं. काही आवाज नाही, ओढाओढ नाही. मागच्या कोपऱ्यात दार थोडं जड होतं म्हणून तिनं खालून हात लावून उचललं.

पत्र्यावर ओरखडा नाही. रबर दोन ठिकाणी फाटलंय, ते तसंही बदलायचंच होतं.

नंबराची पट्टी चौकटीवर जशीच्या तशी. कापसानं धूळ पुसली. सीई१४०एफ आणि पुढचे सगळे आकडे कागदाशी जुळले. आजी तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विजेरी मागून घेतली आणि एकेक आकडा स्वतः वाचला. मग म्हणाल्या की या दाराच्या कडेवर तेल बदलल्याच्या तारखांचे कागद चिकटवायची त्यांच्या नवऱ्याची सवय होती. बघितलं तर तीन कागद अजून आहेत, पेन्सिलीतलं अक्षर वाचता येतं. ते मी काढणार नाही.

आता दार उघडंच ठेवून आलोय. लावायची भीती वाटते.

दापोडीचा_फिटर | शुक्रवार, सकाळी ८:१५

वा! तुमच्या सौभाग्यवतींना माझा नमस्कार सांगा, अर्धं काम त्यांनी केलंय.

भीती रास्त आहे, दार लावूच नका. आधी परीक्षा घ्या. दार उघडं असतानाच खटक्याच्या आकड्यात स्क्रूड्रायव्हरची दांडी घाला, जणू तीच खांबावरची खुंटी, आणि आकडा बंद करा. दोन टप्प्यांत बंद व्हायला हवा, दोन वेळा आवाज येईल. मग बाहेरचं बटण दाबून सोडवा. परत बंद करा, आतल्या बाजूनं सोडवा. परत बंद करा, लॉक लावा, काढा, सोडवा. असं वीस-तीस वेळा. एकदा जरी अडखळलं तरी दार खांबावर लावायचं नाही. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे पहिल्या आठवड्यात शिकवायचो. दुरुस्त केलेलं दार आनंदानं आपटून लावायचं आणि परत आत अडकवायचं, हे मी फार वेळा पाहिलंय.

ह्यूस्टनचा_बाळ्या | शुक्रवार, रात्री ८:२०

अभिनंदन! आता कडेचे स्क्रू हाताशी आले आहेत तर खटका बाहेरच काढा. स्क्रूचं डोकं खराब होऊ नये म्हणून आधी त्यांनाही तेल, आणि डोक्यात बरोबर बसणारंच टोक घ्या, पूर्ण दाब देऊन. खटका रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा, जुन्या टूथब्रशनं घासा, वाळवा. नंतर पांढरं लिथियम ग्रीस, अगदी हलक्या हातानं. भरपूर थापलं की परत धूळ धरून वीस वर्षांनी तेच होईल.

खांबावरची खुंटी सैल करून वर-खाली, आत-बाहेर सरकवता येते. तुमचं दार किंचित खाली बसलंय. खुंटी हलवून दार वर उचलायचा प्रयत्न करू नका, तो भार खटक्यावर येतो. आधी बिजागरीचं बघा, मग खुंटी दाराच्या उंचीला जुळवा. खुंटी हलवण्याआधी तिच्याभोवती पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

कणकवलीकर | शुक्रवार, रात्री ९:००

दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. तो भुसा आणि टरफलं तिथेच अडकून ओल धरून बसली असणार. तार घालून मोकळी करा. नाहीतर खटका नवा होईल आणि दाराचा तळ गळून पडेल. रबर नवं बसवाल तेव्हा त्यावर टाल्क पावडर चोळा, रंगाला चिकटत नाही.

मिशिगनवासी | रविवार, रात्री ७:४०

खटका काढला, रॉकेलमध्ये ठेवला, घासला. काळ्या थराखाली पिवळसर चमक असलेला धातू निघाला, इतका स्वच्छ की बायकोला हातात घेऊन बघावंसं वाटलं. स्प्रिंग शाबूत आहे. तळाची भोकं मोकळी केली, चार वाट्या भुसा निघाला. दांडीची क्लिप मागवलीय, तोवर आतला हँडल बंद.

स्क्रूड्रायव्हर घालून काल चाळीस वेळा परीक्षा घेतली. एकोणिसाव्या वेळी लॉक जरा अडलं, म्हणून परत तेल, परत पहिल्यापासून चाळीस. आज सगळे सुरळीत गेले. मग काच खाली ठेवून (म्हणजे अडलंच तर हात आत जाईल) दार पहिल्यांदा लावलं आणि उघडलं. उरलेले पैसे आज आजींना दिले.

उद्यमनगरची_गॅरेजवाली | सोमवार, सकाळी ८:४५

काच खाली ठेवून लावलंत, हे फार आवडलं.

आता एक विनंती. उजवं दार "व्यवस्थित उघडतं" असं तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलं होतं. त्याच्या खटक्यातही तेच पन्नास वर्षांचं ग्रीस आहे, दांडीला तीच प्लास्टिकची क्लिप. ते उघडतंय तोवरच काढून धुऊन घ्या. या वेळी तुम्हाला आत जायला दुसरं दार होतं.

मिशिगनवासी | सोमवार, सकाळी ७:१० (आमची वेळ)

ताई, आत्ता कामावर निघण्याआधी वाचलं. क्लिपा दोनऐवजी चार मागवल्या. उजवं दार शनिवारी उघडतो, फोटो इथेच टाकेन.